फुकटातला पेंग्विन

माझा संगणक अकरा वर्षांचा. २०२५ च्या १४ ऑक्टोबरला विंडोज १० ची मोफत देखभाल संपली आणि विंडोज ११ ने या म्हाताऱ्याला दारातच अडवले. नवा घ्यावा, तर चिरंजीवांची फी पुढे उभी! पण धडधाकट यंत्र भंगारात घालायचे जिवावर आले.

चिरंजीव म्हणाले, "बाबा, लिनक्स घालू या. फुकट आहे."

'फुकट' म्हटले की मी बिचकतो. (वर्गात संतांचे ज्ञानदान शिकवतो, ती गोष्ट वेगळी!) १९९१ साली फिनलंडमधल्या लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने लिनक्सचा गाभा लिहून जगापुढे ठेवला, कोणीही वाचावा, सुधारावा, दुसऱ्याला द्यावा. असा उदार लेखक आम्हां मराठीच्या मास्तरांना अजून भेटायचा आहे!

माझी सारी टिपणे आधी पेनड्राइव्हवर काढली. तासाभरात यंत्र पुन्हा सुरू झाले. देवनागरीही उमटली. प्रिंटर मात्र दोन दिवस रुसला होता, आणि त्या दोन दिवसांत मी चिरंजीवांना पुष्कळ बोललो.

काल शेजारचे काका आपला लॅपटॉप काखेत मारून आले. म्हणाले, "मास्तर, तो तुमचा पेंग्विन यात बसेल का हो?"

मी ऐटीत खुर्ची पुढे केली आणि हळूच चिरंजीवांना हाक मारली.