विंडोज न काढता लिनक्स

मी सांगलीत घरून मुद्रितशोधन आणि अक्षरजुळणी करते. लहान प्रकाशकांची पुस्तकं, शाळांच्या स्मरणिका, पतसंस्थांचे वार्षिक अहवाल आणि पावसाळा सुरू झाला की दिवाळी अंक. सगळं काम एका जुन्या लॅपटॉपवर. विंडोज १० साठी सुरक्षेच्या नेहमीच्या दुरुस्त्या १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबणार हे जाहीर झालेलं होतं, आणि ती तारीख त्या वर्षी दिवाळीच्या तोंडावर येत होती. विंडोज ११ साठी इंटेलचा आठव्या पिढीचा किंवा त्यापुढचा प्रोसेसर लागतो, माझा त्याआधीचा. दुरुस्तीवाल्याने लॅपटॉप उघडून पाहिला आणि म्हणाला, "ताई, आता नवीनच घ्या. यात पैसे घालू नका."

पण लॅपटॉप ठणठणीत होता. कीबोर्डची एकही कळ सैल नाही, ८ जीबी रॅम, पडद्यावर ओरखडा नाही. चालती वस्तू केवळ तारीख उलटली म्हणून टाकून देणं मला पटेना. लिनक्स अशा यंत्रांवर चांगलं चालतं हे ऐकून होते. प्रश्न होता तो माझ्या जुन्या कामाचा.

युनिकोड रुळण्याआधी आम्ही ज्या फॉन्टांत जुळणी करत होतो, त्यांत फाइलमध्ये मराठी नसतंच. साठवलेली असतात रोमन अक्षरं आणि चिन्हं. फॉन्ट त्यांच्यावर देवनागरीचा आकार चढवतो. फॉन्ट नसेल तर पान वाचता येत नाही. त्या फॉन्टांचं माझ्याकडचं सॉफ्टवेअर विंडोजवरच चालतं, तेही यूएसबीचं लॉक लावल्यावर. शिवाय कितीतरी पुस्तकं पेजमेकरमध्ये अडकलेली, ज्याची शेवटची आवृत्ती २००१ साली आली. प्रकाशकाला दुसरी आवृत्ती काढायची असली की मला तीच फाइल उघडावी लागते. तेव्हा विंडोज काढून टाकण्याचा प्रश्नच नव्हता. लिनक्स यायचं तर विंडोजच्या शेजारी.

लिनक्सची सुरुवातही अशीच दुसऱ्या प्रणालीच्या शेजारी झाली, हे या निमित्ताने वाचलं. हेलसिंकीतल्या लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने जानेवारी १९९१ मध्ये ३८६ प्रोसेसरचा संगणक घेतला, त्यावर मिनिक्स ही शिकण्या-शिकवण्यासाठी लिहिलेली प्रणाली बसवली आणि तिच्या आधाराने स्वतःची लिहायला घेतली. २५ ऑगस्ट १९९१ ला त्याने मिनिक्स वापरणाऱ्यांना तिची खबर दिली. पुढे एकदा मोडेमला जायच्या आज्ञा हार्ड डिस्ककडे गेल्या, मिनिक्सचा भाग खराब झाला आणि त्यानंतर तो पूर्णपणे लिनक्सवर आला. त्याला ते परवडलं. माझ्याकडे लोकांची पुस्तकं होती. म्हणून सगळं आधी बाहेरच्या हार्ड डिस्कवर उतरवलं, आणि उतरवलेल्यातल्या काही फाइली दुसऱ्या संगणकावर उघडून पाहिल्या. न तपासलेली प्रत ही प्रत नव्हे, हे प्रूफं वाचताना अंगवळणी पडलेलं आहे.

विंडोजकडची तयारी हाच खरा वेळखाऊ भाग, आणि त्याबद्दल कुणी फारसं सांगत नाही. पहिलं काम, डिस्क कूटबद्ध आहे का ते पाहणं. असेल तर ४८ अंकांची रिकव्हरी की कागदावर उतरवून ठेवायची, कारण सुरुवातीच्या क्रमात बदल झाला की विंडोज ती मागू शकतं. दुसरं, फास्ट स्टार्टअप बंद करणं. ते चालू असताना 'शट डाउन' केलं तरी विंडोज पूर्ण बंद होत नाही; आपल्या गाभ्याची अवस्था डिस्कवर लिहून ठेवतं, आणि मग लिनक्समधून त्या भागात काही लिहिणं धोक्याचं ठरतं. तिसरं, जागा करणं. सी ड्राइव्हमध्ये भरपूर जागा रिकामी दिसत होती, तरी तो आकसायला गेले तर विंडोज थोडीशीच द्यायला तयार. हायबरनेशनची फाइल, पेजफाइल आणि रिस्टोअर पॉइंट मध्येच ठाण मांडून बसलेले असतात, ते हलत नाहीत. ते तात्पुरते बंद केले, मशीन पुन्हा सुरू केलं, तेव्हा १०० जीबी मोकळे मिळाले.

मी लिनक्स मिंट २२ निवडलं. त्याचा मेनू खाली डावीकडे असतो आणि दुरुस्त्या एप्रिल २०२९ पर्यंत मिळणार आहेत. सुमारे ३ जीबीची फाइल उतरवली, तिची एसएचए-२५६ बेरीज संकेतस्थळावरच्या बेरजेशी जुळवून पाहिली, रूफस या प्रोग्रॅमने तिचा पेनड्राइव्ह तयार केला आणि त्यावरून लॅपटॉप सुरू केला. डिस्कला हात न लावता पेनड्राइव्हवरूनच अख्खी प्रणाली चालवून पाहता येते, ही लिनक्सची फार मोलाची सोय आहे. आवाज येत होता, टचपॅड चालत होता, पडदा स्वच्छ. वाय-फाय मात्र दिसेना. त्या चिपचा ड्रायव्हर सोबत येत नाही, वेगळा बसवावा लागतो. फोन केबलने जोडून त्याचं इंटरनेट घेतलं, ड्रायव्हर मॅनेजरने योग्य ड्रायव्हर सुचवला आणि काम झालं. हे आधी कळलं म्हणून मन निश्चिंत झालं.

प्रत्यक्ष बसवणं अगदी लवकर झालं. डिस्कवर विंडोज आहे हे इन्स्टॉलरने स्वतःच ओळखलं आणि त्याच्या शेजारी बसण्याचा पर्याय समोर ठेवला. त्यानंतर लॅपटॉप सुरू केला की ग्रबची यादी येते: मिंट किंवा विंडोज.

ती यादी मी पहिल्यांदा बराच वेळ बघत राहिले. संगणक सुरू होणं आणि विंडोज सुरू होणं या माझ्या लेखी एकच गोष्ट होती. आता कळलं की आधी मदरबोर्डवरचं फर्मवेअर जागं होतं, ते डिस्कवरच्या ईएफआय नावाच्या छोट्या भागात पाहतं, तिथे दोन्ही प्रणालींचे लोडर आपापल्या फोल्डरमध्ये असतात, आणि निवडलेला लोडर पुढचं सगळं उठवतो. इतकी वर्षं ज्या यंत्रावर पोट भरलं, त्याची रचना मला दुसरी प्रणाली आल्यावर समजली.

घड्याळाचाही असाच उलगडा झाला. लिनक्समधून विंडोजमध्ये गेले की वेळ साडेपाच तास मागे. दुपारी जतन केलेल्या फाइलवर सकाळची वेळ पडू लागली, आणि आमच्या कामात कुठलं प्रूफ नंतरचं हे वेळेवरूनच ठरतं. मदरबोर्डवरच्या घड्याळात विंडोज स्थानिक वेळ आहे असं धरतं. लिनक्स तिथे जागतिक वेळ ठेवतं. दोहोंतला फरक म्हणजे भारताचे साडेपाच तास. टर्मिनलमधल्या एका आज्ञेने लिनक्सला स्थानिक वेळ पाळायला सांगितलं आणि तंटा मिटला.

मराठीची मला जी धास्ती होती ती पहिल्याच संध्याकाळी गेली. इनस्क्रिप्टचा कळफलक निवडला आणि बोटं सवयीने चालू लागली. अक्षरं मात्र हिंदी वळणाची दिसत होती: उभ्या दांड्याचा ल आणि गाठीचा श. शासनाच्या २००९ च्या निर्णयात मराठीसाठी पाकळीयुक्त ल आणि देठयुक्त श सांगितलेला आहे, आणि माझे प्रकाशकही तेच मागतात. लिब्रेऑफिसमध्ये मजकुराची भाषा हिंदीवरून मराठी केली आणि लोहित फॉन्टमधले ल आणि श जागच्या जागी मराठी झाले. फॉन्टच्या आत दोन्ही आकार असतात, भाषेच्या खुणेवरून योग्य तो निवडला जातो. मुक्त परवान्याच्या फॉन्टमध्ये कुणीतरी मराठीसाठी एवढा विचार करून ठेवला आहे, याचा मला मनापासून आनंद झाला.

मग लिनक्समधून विंडोजचा भाग उघडला. सगळे फोल्डर दिसले. युनिकोडमधलं प्रत्येक पुस्तक सहज उघडलं. जुन्या फॉन्टांतलं प्रत्येक पान म्हणजे रोमन अक्षरं, कंस आणि प्रश्नचिन्हं. माझं कुठलं काम खरोखर माझ्या हातात आहे आणि कुठलं एका सॉफ्टवेअरच्या लॉकवर टिकून आहे, याची यादी एका दुपारी समोर आली. ज्यांचे लेखक आज हयात नाहीत अशी पुस्तकंही त्या दुसऱ्या ढिगात होती.

तेव्हापासून ती एकेक करून युनिकोडमध्ये आणते आहे. विंडोजमध्ये, इंटरनेट बंद ठेवून, फाइल उघडायची, मजकूर बदलून घ्यायचा आणि लिनक्समध्ये येऊन वाचायचा. वाचणं टळत नाही. जुन्या फॉन्टांत पहिली वेलांटी व्यंजनाच्या आधी आणि रफार नंतर टंकलेला असतो; युनिकोडमध्ये क्रम उच्चाराचा. तो फिरवताना रफार आणि अनुस्वार एकत्र आले की 'सर्वांत'सारख्या शब्दातला एखादा गळतो. आणि 'आचाऱ्यांना' वाढलेली दक्षिणा 'आचार्यांना' जाते, जी कुठलाही शब्दतपासनीस पकडणार नाही, कारण दोन्ही शब्द बरोबर आहेत.

पानांची मांडणी आता मी स्क्रायबसमध्ये करून पाहते आहे. २०२४ च्या जानेवारीत आलेल्या १.६ आवृत्तीत देवनागरीची जोडाक्षरं नीट जुळतात. तळटीपांची सोय मला अजून अपुरी वाटते, त्यामुळे संशोधनपर पुस्तकं तिकडे नेलेली नाहीत. कवितासंग्रहाला मात्र ते पुरेसं आहे. प्रेसवाल्या काकांना एका संग्रहाची पीडीएफ पाठवली तेव्हा त्यांनी कशात केलं हे विचारलंही नाही. फक्त कडेला ३ मिलिमीटर ब्लीड ठेवा म्हणाले. तो ठेवून दुसऱ्या दिवशी फाइल पुन्हा पाठवली आणि त्यांनी प्लेटी काढायला घेतल्या.