खिडकीखालची दीड फूट

नव्या घराचा हॉल दहा बाय बारा. सोफा भिंतीला लागला, टीव्ही समोर आला आणि खिडकीखाली दीड फूट जागा उरली. तिथे काय ठेवायचं यावरून मी आणि आई तीन आठवडे एकमेकींशी धड बोललो नाही.

मला तिथे बार कार्ट हवी होती. दोन कप्पे, खाली चाकं, सोनेरी दांड्या. वर बाटल्या, खाली ग्लास, बाजूला छोटासा दिवा. अशा कार्टच्या कितीतरी रील्स मी सेव्ह करून ठेवल्या होत्या. साकीनाक्यात वन बीएचके घेतलाय, वीस वर्षं हप्ते भरायचेत, तर निदान एक कोपरा तरी माझ्या मनासारखा असावा, एवढंच माझं म्हणणं होतं.

आईला तिथे तिवई हवी होती आणि तिवईवर माठ. "घरात माणूस आला की आधी पाणी. बाकीचं मग," एवढंच ती म्हणाली. 'बार' हा शब्द तिने उच्चारलासुद्धा नाही. आमच्या घरात तो कुणीच उच्चारत नाही.

कारण सांगते. आम्ही आधी काजूपाड्यात राहायचो. एकच खोली, आत मोरी, पाणी पहाटे यायचं. बाबा खैरानी रोडवरच्या एका गाळ्यात प्रेस मशिनवर होते. संध्याकाळी घरी आले की हातपाय धुऊन दाराशी बसायचे आणि स्टीलच्या पेल्यातून सावकाश पाणी प्यायचे. निदान मला ते पाणीच वाटायचं. घरातले सगळे पेले स्टीलचे होते, त्यामुळे आत काय आहे ते वाकून बघितल्याशिवाय कळायचं नाही आणि बाबांच्या पेल्यात वाकून बघायची कुणाची टाप नव्हती. मी सहा वर्षांची असताना एकदा खेळून आले, तहान लागली होती, समोर दिसला तो पेला उचलला आणि तोंडाला लावला.

घसा जळाला, मी ओरडले. बाबांनी माझ्याकडे न बघता पेला उचलून मोरीत ओतला. आई काहीच बोलली नाही. दुसऱ्या दिवशी तिने घरातले सगळे पेले भांड्यांच्या दुकानात मोडीत घातले आणि काचेचे सहा साधे ग्लास आणले. "आता काय आहे ते दिसेल तरी," ती म्हणाली. बाबांनी प्यायचं सोडलं नाही. घरात प्यायचं मात्र सोडलं.

त्याच ग्लासांची दुसरी आठवण २६ जुलै २००५ची आहे. सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, मिठी फुगली, रेल्वे बंद पडली आणि अंधेरी-कुर्ला रोडवरून माणसांच्या रांगाच्या रांगा चालत घरी निघाल्या. आमच्या खोलीत पाणी शिरलं नव्हतं. दिवे गेलेले. बाबांनी स्टोव्ह आणि पातेलं उचललं, गल्लीच्या तोंडाशी एका बंद दुकानाच्या पायरीवर मांडलं आणि चहा करायला घेतला. आईने तेच सहा ग्लास दिले. एकजण पिऊन झाला की मी ग्लास विसळायचे आणि ते पुढच्याच्या हातात जायचा. कोण कुठला कुणी विचारलं नाही. रात्रभर एवढ्या अनोळखी हातांतून फिरून सहाच्या सहा ग्लास परत आले. त्या रात्री बाबा प्यायले नव्हते. त्यांचे हात थरथरत होते आणि मला वाटत होतं, थंडी वाजत असेल.

२०१४च्या जूनमध्ये वर्सोवा-घाटकोपर मेट्रो सुरू झाली. त्याच पावसाळ्यात बाबा गेले. लिव्हर. पुढे वेगवेगळ्या कारणांनी दोन ग्लास फुटले. उरलेले चार नव्या घरात आले, आईच्या साडीत गुंडाळून.

आता गंमत बघा. उर्दू शायरीत साकी म्हणजे प्याला भरून देणारा. साकीनाका म्हटलं की माझे बाहेरगावचे मित्र हमखास त्यावर विनोद करतात. महसुली कागदांत मात्र 'मौजे साकी' या नावाचं गाव आहे. नाक्यावरून पवईकडे जो रस्ता जातो त्याचं नाव साकी विहार रोड. यातला विहार म्हणजे विहार तलाव. मुंबईला नळाचं पाणी पहिल्यांदा मिळालं ते १८६० मध्ये, याच तलावातून. म्हणजे रस्त्याच्या एका टोकाच्या नावात पाजणारा आणि दुसऱ्या टोकाच्या नावात पाणी. मधे ट्रॅफिक. हे सगळं मी आईला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "मग माठच ठेव ना."

मी कार्ट मागवलीच. हप्त्यांवर. आई गप्प बसली. वास्तुशांतीनंतरच्या शनिवारी ऑफिसातल्या आठजणांना बोलावलं. आईने त्याच दिवशी असल्फाला मावशीकडे भजन असल्याचं जाहीर केलं. भजन खरंच होतं की नाही ते मी विचारलं नाही.

कार्ट झकास दिसत होती. एकाने विचारलं, परमिट काढलंय का? सगळे हसले. पण कायदा तसाच आहे. १९४९च्या दारूबंदी कायद्याखाली महाराष्ट्रात घरी प्यायलासुद्धा परवाना लागतो. तो एका दिवसाचा मिळतो, वर्षाचा मिळतो, आजन्मही मिळतो. बियरसाठी वय एकवीस पूर्ण लागतं, व्हिस्की-रमसाठी पंचवीस. मला सत्ताविसावं लागलं होतं. कायद्याच्या हिशोबात मी कधीच मोठी झाले होते. तरी बाटलीचं बूच काढताना माझी नजर दाराकडे जात होती.

टीममधला एक मुलगा कार्टच्या अगदी शेजारी बसला होता. त्याच्या हातात बर्फ घातलेला काळसर ग्लास. दुसरा पेग कुणी विचारला की तो ग्लास वर करून दाखवायचा, "चालू आहे." दहाच्या सुमारास आई परतली. तिने चपला काढल्या, सगळ्यांकडे बघून मान हलवली आणि थेट त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली.

"तू काय घेणार बाळा?"

"काकू, आहे माझ्याकडे."

"ते कोल्ड्रिंक आहे. कधीचं गरम झालंय."

दारूचा वास आईला दुसऱ्या खोलीतून येतो. नसला तर तेही तिला कळतं. तो ओशाळला. आई स्वयंपाकघरात गेली आणि कोकम सरबत करून घेऊन आली. आगळ, साखर, जिऱ्याची पूड, चिमूटभर मीठ. त्या चारांतल्या एका ग्लासात. त्याने ते एका दमात संपवलं आणि अजून मागितलं. मग आणखी दोघींनी मागितलं.

रात्री उशिरा त्याचा मेसेज आला. त्याला सोडून अकरा महिने झाले होते. पार्टीला गेलं की 'का घेत नाहीस' हा प्रश्न पाठ सोडत नाही, म्हणून तो कोल्यात बर्फ टाकून रमसारखा धरून बसतो. 'तुझ्या आईने का ते विचारलंच नाही,' त्याने लिहिलं होतं.

मी बराच वेळ तो मेसेज बघत राहिले. बाबा दारू प्यायचे, ती पाण्यासारखी दिसावी म्हणून स्टीलच्या पेल्यात. हा कोल्ड्रिंक पीत होता, ते दारूसारखं दिसावं म्हणून. आणि ही वेळ त्याच्यावर आली ती माझ्या घरात, मी हौसेने मांडलेल्या कोपऱ्याशेजारी. त्या कार्टवर चार प्रकारच्या बाटल्या होत्या. न पिणाऱ्या माणसाला देण्यासारखं काय होतं? सोडा आणि कोला. तेही दुसऱ्या कशात तरी मिसळण्यासाठी आणलेलं.

आई ग्लास विसळत होती. मी शेजारी उभी राहून पुसायला लागले.

"ती गाडी राहू दे," ती म्हणाली. "पैसे गेलेत तिला. तुझ्या मित्रांना यायला नको नाही म्हणणार मी. पण तुझ्या तोंडाला वास आला की मला झोप लागत नाही. ते आता या वयात बदलणार नाही."

मी ठीक आहे म्हटलं. ठीक नव्हतं. मला माझ्या घरात शनिवारी एक ग्लास घ्यावासा वाटतो आणि त्यात मला काही चूक वाटत नाही. आईला झोप लागत नाही हेही तितकंच खरं आहे. चारशे फुटांच्या घरात या दोन्ही गोष्टींना जागा करायची होती.

रविवारी आम्ही दोघींनी कोपरा पुन्हा लावला. खिडकीखाली माठ गेला. इथे आईचं शास्त्रही बरोबर निघालं. माठ पाझरतो, ते पाणी वाऱ्याने उडतं आणि आतलं पाणी गार होतं. मुंबईची हवा आधीच दमट, त्यामुळे इथला माठ विदर्भातल्यासारखा गार होत नाही. त्याला मिळेल तेवढा वारा लागतो आणि घरात वारा फक्त त्या खिडकीत आहे. खाली ताटली ठेवली, नाहीतर तिवईखालची फरशी ओली होऊन कुणीतरी घसरायचं. तोटीचा माठ घेतला, म्हणजे कुणी हात बुडवणार नाही.

कार्ट सोफ्याच्या हाताशी आली. तिचा वरचा कप्पा बरोबर सोफ्याच्या हाताच्या उंचीला येतो, त्यामुळे बसलेल्या माणसाला न उठता ग्लास घेता आणि ठेवता येतो. आधी ती दार आणि स्वयंपाकघर यांच्या वाटेत होती, जाणारा-येणारा धडकायचा. आता चालायला दोन फूट मोकळे राहतात. स्विचबोर्डपासून ती लांब घेतली. बर्फ चपात्यांच्या कॅसरोलमध्ये छान टिकतो. वरच्या कप्प्यात कोकम आगळाची बाटली, लिंबं, जिऱ्याची पूड, साखर, मीठ, आणि काचेचे ग्लास. सगळे एकसारखे. कुणाच्या ग्लासात काय आहे हे ज्याचं त्याला माहीत असलं म्हणजे झालं.

बाटल्या घरात राहत नाहीत. शनिवारी कुणी आणली तर ती त्या संध्याकाळपुरती खालच्या कप्प्यात, उरलेली आणणाऱ्याबरोबर परत. त्या रात्री मी हॉलमध्ये झोपते आणि आई आतून दार लावून घेते. हा तोडगा फार चांगला आहे असं नाही. सध्या चालतोय.

परवा दुपारी पार्सल घेऊन मुलगा आला. लिफ्ट बंद, पाच मजले चढून. आईने आधी तोटीखाली ग्लास धरला, मग ओटीपी सांगायला मला हाक मारली. त्याने दारातच उभं राहून पाणी प्यायलं. ग्लास उजेडाकडे धरून थोडा निरखला आणि म्हणाला, "मावशी, असे ग्लास आमच्या गावच्या घरी होते." आईने तो त्याच्या हातून घेतला आणि विचारलं, "अजून देऊ?"