निरोपाचे तत्त्वज्ञान

तत्त्वज्ञान विद्यार्थिदशेत परवडते, संसारात परवडत नाही, असा एक समज आहे. पुण्यास वसतिगृहात असताना आम्हां चौघां मित्रांना ते फारच परवडत असे. समोरची खुर्ची खरोखर आहे, की केवळ आपल्या मनात आहे, या वादात रात्र सरे. देकार्तने १६४१ साली प्रसिद्ध केलेल्या चिंतनांतील स्वप्नाचा संशय वाचल्यावर तर सकाळच्या चहाच्या सत्यत्वाविषयीही शंका घेण्याचे धैर्य आमच्या अंगी आले. चहा मात्र आम्ही टाकला नाही!

पुढे नोकरी आली, बदल्या आल्या, आणि खुर्ची आहे की नाही हा प्रश्न निराळ्याच अर्थाने पडू लागला. आता प्रयागराजला आहे. पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात शिकवून आलेले गुरुदेव रानडे इथल्याच अलाहाबाद विद्यापीठात तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक होते, पुढे कुलगुरूही झाले. माझी मुलगी त्याच विद्यापीठात तोच विषय शिकते. परवा तिने बृहदारण्यकातील याज्ञवल्क्य-मैत्रेयी संवादावर निबंध लिहावयास घेतला. पती, पत्नी, पुत्र, वित्त जे जे प्रिय होते, ते अखेर आत्म्यासाठीच प्रिय होते, हा त्या संवादाचा मथितार्थ. विसाव्या वर्षी आत्मा म्हणजे 'आपण स्वतः', असाच अर्थ बहुतेकांना सुचतो. तिलाही तोच सुचला, आणि तिने विचारले, "मग बाबा, तुम्ही दर रविवारी आजीला फोन करता, तो आजीसाठी की स्वतःसाठी?"

माझी आई वाईला एकटी असते. वय ब्याऐंशी. घाट आणि गणपती सोडून ती कोठेही यावयास तयार नाही. तेव्हा हा प्रश्न माझ्यापुरता परीक्षेतला राहिला नाही.

आम्ही सरकारी माणसे प्रत्येक रक्कम कोणत्या लेखाशीर्षाखाली पडावयाची, हे आधी पाहतो. मुलीच्या प्रश्नातही दोनच लेखाशीर्षे होती : आजी, अथवा मी. याज्ञवल्क्याने मैत्रेयीला दृष्टान्त दिला, तो पाण्यात विरलेल्या मिठाच्या खड्याचा. खडा पुन्हा उचलता येत नाही, पण पाणी कोठूनही चाखावे, तर ते खारटच. बदलीच्या हुकमावर ज्याचे नाव छापलेले असते, तेवढाच मी, असे धरले तर प्रेम हा स्वार्थ ठरेल. परंतु त्या 'मी'मधून आई वेगळी काढावयाची म्हटले, तर बोलण्याची ढब, पानात डावे-उजवे पाहण्याची सवय, पाऊस आला की होणारी मनाची चलबिचल, यांतले माझ्यापाशी काय उरेल? दोन खाती नाहीतच, तर खर्च कोणत्या खात्यावर टाकावयाचा? मुलीला मी इतके सांगितले, व तिला ते पटले.

मला मात्र त्यानंतर एक गोष्ट खुपू लागली. हा संवाद झाला केव्हा? याज्ञवल्क्य घर सोडून निघाला होता, तेव्हा. आपल्या दोन्ही पत्नींत वाटणी करून द्यावी, म्हणून त्याने विषय काढला. मैत्रेयीने अमृतत्वाविषयी विचारले, म्हणून तिला ज्ञान मिळाले. कात्यायनी दुसरी. संवाद त्या उपनिषदात दोनदा आला आहे, पण कात्यायनीच्या तोंडी एक शब्दही नाही. बायकांच्या व्यवहारापुरती तिची जाण, असे म्हणून एके ठिकाणी तिची बोळवण केली आहे. सर्वत्र एकच आत्मा आहे, हे जाणाऱ्याने सांगितले. मागे राहणारीला तसे वाटले की नाही, हे कोणी विचारलेच नाही.

आपण दूर राहणारे बहुतेक याज्ञवल्क्याच्या बाजूला उभे असतो. अंतर खोटे आहे, असे म्हणणे जाणाऱ्याला सोपे जाते. ज्याने दाराशी उभे राहून निरोप दिला, त्याची साक्ष घेतल्याशिवाय ते विधान सिद्ध झाले, असे मला आता म्हणवत नाही. येत्या रजेत वाईला गेलो, म्हणजे आईला मी हे विचारणार आहे. तिने उपनिषद वाचलेले नाही. उत्तर मात्र तिच्यापाशीच असले पाहिजे.