ऐकू येतं, पण कळत नाही

आमच्या कुंभार पिंपळगावात (तालुका घनसावंगी. समर्थांचं जांब आमच्याच तालुक्यातलं, एवढं सांगितलं की पुणेकरांना पत्ता कळतो) फौजी आबांविषयी एक समज आहे. आबांना ऐकू येतं, पण कामापुरतंच! हाक मारली की लगेच वळून बघतात, आणि 'सात वाजता येऊ का' विचारलं की स्वतःचा हात बघतात. आबा १९७१ च्या लढाईत तोफखान्यात होते. त्यांचं म्हणणं वेगळं. "अरे आवाज येतो, शबुद कळंना. अन् रात्री कानात रातकिडे."

मंडळी, हा चक्क लो-पास फिल्टर आहे. तोफांच्या दणक्याने आतल्या कानातल्या नाजूक पेशी मरतात, त्या परत उगवत नाहीत, आणि बहुतेक वेळा उंच पट्टीचे आवाज आधी जातात. स्वर शाबूत, पण स, श, फ धूसर. म्हणजे त्यांच्याशी ओरडून बोलणारे आपण सगळे नुसता आवाज वाढवतो, शब्द तिथेच!

गंमत म्हणजे ऑडिओलॉजी हे शास्त्र उभं राहिलं ते बऱ्याच अंशी सैनिकांमुळेच. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेतल्या एका लष्करी रुग्णालयात रेमंड कारहार्ट कान गेलेल्या जवानांवर काम करत होता. हा मूळचा वाणीचा अभ्यासक. यंत्र कसं निवडायचं, ओठ कसे वाचायचे, हे सगळं तिथे डॉक्टरांच्या बरोबरीने बसलं. पुढे तिथल्या माजी सैनिकांच्या ८ रुग्णालयांत ३६० जणांनी तीन प्रकारची श्रवणयंत्रं तीन-तीन महिने वापरून पाहिली. निकाल २००० साली छापून आला: तिन्हींचा फायदा होतो. आज हे उघड वाटतं, पण कुणीतरी मोजायला हवंच होतं ना!

रातकिड्यांचं काय? पोर्टलंडला १९९७ पासून माजी सैनिकांच्या खात्याचं एक केंद्र याच कामावर आहे. तो आवाज बंद करायचं औषध अजून नाही. म्हणून तिथे कानाचे तज्ज्ञ आणि मानसतज्ज्ञ मिळून त्या आवाजासकट झोपायला, जगायला शिकवतात. टप्प्याटप्प्याने, ज्याला जेवढं लागेल तेवढंच. मला हे फार आवडलं.

आबांच्या घरी खरी काळजी वेगळीच आहे. ते हल्ली पारावर जात नाहीत, आणि विसरतातही. २०२३ साली 'लॅन्सेट'मध्ये एक मोठा अभ्यास आला. ७० ते ८४ वयाची ९७७ माणसं, तीन वर्षं. सगळ्यांचा हिशोब एकत्र केला तर श्रवणयंत्राने बुद्धीच्या घसरणीत फरक पडला नाही. पण ज्यांना मुळात धोका जास्त होता, त्यांच्यात घसरण ४८ टक्क्यांनी मंदावली. (हे माजी सैनिक नव्हते, साधे म्हातारेच. आणि बातम्यांचे मथळे फक्त दुसरा आकडा सांगतात, तेव्हा सावध.)

आपल्याकडे माजी सैनिकांसाठी १ एप्रिल २००३ पासून अंशदायी आरोग्य योजना आहे, तिच्यात श्रवणयंत्रही मिळतं. आबांनाही मिळालं. आठ दिवस लावलं, आणि आता ते ट्रंकेत पदकांशेजारी आहे. "पंख्याचा आवाज, भांड्यांचा आवाज, डोकं उठतंय नुसतं." बरोबरच आहे. इतकी वर्षं न ऐकलेले आवाज एकदम आले तर मेंदूला सवय व्हायला कित्येक आठवडे लागतात. मधे पुन्हा पुन्हा सेटिंग बदलावं लागतं. आपल्या भाषेत, पहिल्या रिलीजनंतरचं बग-फिक्सिंग! पण त्यासाठी दर वेळी गाड्या बदलत छत्रपती संभाजीनगरला जायचं, तेही या वयात, म्हणजे... असो.

पुढच्या महिन्यात मी दोन दिवस रजा टाकून त्यांच्याबरोबर जातोय. आबा तयार झालेत, मशीन ट्रंकेतून काढायचं कबूल केलंय. आत्तापासून रोज एक तास, पंखा बंद करून, घरातल्या एकाच माणसाशी बोलायचं असं ठरलंय. कुठला आवाज खुपतो ते वहीत लिहायचं. पहिल्या पानावर आबांनी लिहिलंय, 'सूनबाईचा कुकर'.