आधी उंची, मग अंतर

दोस्तांनो, पेरू म्हणजे फळ नव्हे बरं का, देश! तिथे आम्ही महिनाभर फिरणार आहोत आणि आजीही येणार आहे. म्हणून मी वहीत प्रत्येक गावापुढे उंची लिहिली. लिमा समुद्राकाठी. कुस्को ३४०० मीटरवर, म्हणजे कळसूबाईच्या दुपटीहून उंच! तिथली हवा विरळ. विमानाने थेट पोचलं, की डोकं दुखतं, धाप लागते. इंकांचं माचू पिच्चू मात्र २४३० मीटरवरच. मग ठरलं : कुस्कोला उतरताच खालच्या उरुबाम्बा खोऱ्यात मुक्काम, मग माचू पिच्चू, त्यानंतर कुस्को. ३८१२ मीटरवरचं टिटिकाका सरोवर अगदी शेवटी. तुम्हीही उंच डोंगरात जाल तेव्हा किलोमीटरआधी मीटर विचारा. आजीचं शरीर जितकं सावकाश सरावेल, तितकाच आमचा प्रवास पुढे सरकेल!