दोन हजार रुपये फक्त

बँकेतल्या कारकुनाच्या मते जगात माणसे दोनच प्रकारची: पैसे भरणारी आणि पैसे काढणारी. २०२० च्या एप्रिलात मला तिसरा प्रकार भेटला. ‘आले का?’ एवढेच विचारणारी.

देशात टाळेबंदी लागली २५ मार्चला. दुसऱ्याच दिवशी अर्थमंत्र्यांनी सांगितले की, पीएम-किसानचा दोन हजारांचा हप्ता एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात सुमारे ८ कोटी ७० लाख शेतकऱ्यांच्या खात्यांत पडेल. योजना २०१९ चीच. वर्षाला सहा हजार, तीन हप्त्यांत. म्हणजे हातात नवे काही नव्हते, आपलाच हप्ता जरा लवकर. शिवाय जनधन खातेवाल्या बायकांना तीन महिने दरमहा पाचशे. हे सगळे आमच्याच एका खिडकीतून!

गर्दी टाळण्यासाठी जनधनवाल्यांना खाते क्रमांकाच्या शेवटच्या आकड्यावरून दिवस नेमून दिले होते. शून्य आणि एक, ३ एप्रिल. आठ आणि नऊ, ९ एप्रिल. आठवाल्या एक मावशी तीन तारखेलाच हजर. म्हणाल्या, “सायेब, भूक काय आकडा बघून लागती व्हय?” मी बी.कॉम. आहे, पण हा प्रश्न आम्हाला कुठल्याच पेपरात आला नव्हता.

त्यात अफवा उठली की, काढले नाहीत तर सरकार पैसे परत घेते. सरकारने खुलासा केला. पण खुलासा पायी येतो आणि अफवा मोटारसायकलवर! टाळेबंदीतही तिला पोलिसांचा पास लागला नाही.

ज्यांचे पैसे अडकले, त्यांची कथा वेगळीच. एकाच माणसाचे नाव सातबाऱ्यावर ज्ञानदेव, आधारवर ज्ञानेश्वर आणि पासबुकात ज्ञानोबा. तिन्ही एकच, हे अख्ख्या गावाला ठाऊक. पण संगणकाला अद्वैत मान्य नाही.

प्राप्तिकर भरणाऱ्याला हा हप्ता नसतो. तरी मोटारीतून उतरून, तोंडावरचा रुमाल आणखी वर ओढून, “आमचं काय आलंय का?” असे हळूच विचारणारेही होते. मास्कचा तेवढा एक फायदा.

आणि एक गृहस्थ रोज येत. उपरणे तोंडाला गुंडाळलेले, नखांत माती. चौथ्या दिवशी पासबुकात नोंद उमटली. मी मोठ्याने सांगितले, “आले हो, दोन हजार!” ते म्हणाले, “बरं झालं. मालकांना फोन करून सांगतो.” पासबुक मालकांचे होते. मालक पुण्यात, हे बटईने त्यांचे शेत करतात. बाजार बंद, टोमॅटो बांधावर टाकलेले, त्यात अर्धा वाटा ह्यांचा. हप्ता मात्र पुरा मालकांचा, कारण सातबारा मालकांचा.

कूळकायद्याने १ एप्रिल १९५७ हा कृषक दिन ठरवला होता: कसेल त्याची जमीन! बरोबर त्रेसष्ट वर्षांनी, त्याच आठवड्यात, कसणारा दुसऱ्याचे पासबुक भरून घ्यायला रांगेत उभा होता. आमच्या फॉर्मांत नाव, गाव, बापाचे नाव, मोबाइल, अंगठा, सगळ्याला रकाने आहेत. ‘शेतात कोण राबतो?’ एवढा एक रकाना छापायचा राहून गेला आहे.