सतरा इंच

एक्सेल शीट तयार होती. 195/55 आर16 टायरच्या जागी 205/45 आर17. बाहेरचा व्यास 621 मिलिमीटरवरून 616 वर येत होता, म्हणजे एक टक्क्याहून कमी फरक. पीसीडी, ऑफसेट, सगळं जुळत होतं. माझ्या सेकंडहँड टर्बो हॅचबॅकसाठी दोन वर्षांचे बोनस बाजूला ठेवले होते: सतरा इंची अलॉय, त्यात मावणारी मोठी डिस्क आणि लाल कॅलिपर. खरं सांगायचं तर सगळ्यात आधी लाल रंगच ठरला होता.

मग ताम्हिणी घाट उतरताना ब्रेकचं पेडल मऊ झालं आणि पुढच्या वळणावर जवळजवळ तळाला टेकलं. शेजारी बाबा होते. पेडल भराभर पंप केलं, सेकंड टाकला, हँडब्रेक ओढला. गाडी कशीबशी कडेला लागली. बाबा काहीच बोलले नाहीत. खिडकीवरचं हँडल मात्र त्यांनी बराच वेळ सोडलं नाही.

ब्रेक गाडीच्या वेगाची उष्णता करतात. 60 चा वेग 85 झाला की ही उष्णता दुप्पट होते. मोठ्या डिस्कमध्ये ती जास्त मावते, हे खरं. पण ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषतं. नवं डॉट 4 किमान 230 अंशांपर्यंत उकळत नाही. ओलावा धरलेल्याची हमी फक्त 155 ची. उकळलं की वाफ होते, वाफ दाबली जाते आणि पाय नुसताच खाली जातो. मेकॅनिकने विचारलं, "ऑइल शेवटचं कधी बदललं?" माझ्या शीटमध्ये तो कॉलमच नव्हता.

शीट मी उलटीच भरली होती. आधी बघायचं, ब्रेकला किती उष्णता झेलायची आहे. त्यावरून डिस्क ठरते आणि कॅलिपरला न घासणारं सगळ्यात लहान चाक घ्यायचं. मोठं चाक बहुतेक वेळा जडच असतं. शिवाय चाकं लॉक करण्याइतका जोर जुन्या ब्रेकमध्येही असतो. त्यापुढे गाडी थांबवतो तो टायर. सतरा इंच माझ्या ब्रेकने मागितलेच नव्हते, इन्स्टाग्रामने मागितले होते.

सोळाच ठेवले. नवं ऑइल, जास्त उष्णता सोसणारे पॅड, चार चांगले टायर. बोनस बराच उरला.

पुढच्या महिन्यात पुन्हा ताम्हिणी उतरलो, सेकंडमध्ये, इंजिनच्या जोरावर. पेडल घट्ट होतं.

बाबांनी हँडल धरलेलंच होतं.